बेगम, वय ऐंशी वर्षं आठ महिने

१० जानेवारी, शुक्रवार. पुणे.

नवीन वर्षाचा संकल्प क्रमांक तीन: सुट्टीचं प्लॅनिंग शेवटच्या दिवसावर ढकलायचं नाही. आज पाळला. निघायचं उद्या आहे.

हैदराबादला, चिक्कडपल्लीत, तिथल्या मराठी मंडळाचं अतिथीगृह आहे. महिन्याभरापूर्वीच बुक केलं. अलका तेव्हापासून म्हणत होती की प्राणी चालतात असं हॉटेल बघ. मी तिला सांगितलं की नियम वाचलेत. आज खरोखर वाचले. नियम ११: कुत्री, मांजरे, पोपट व मद्य यांस सक्त मनाई.

बेगम मांजर आहे. ससा असती तर काही प्रश्न नव्हता.

तिला मागे ठेवून जाणं शक्य नाही. बेगम तारामती आत्याची. आत्या आमच्याकडे पाच वर्षं होती, जुलैमध्ये गेली. जाण्यापूर्वी मी तिला दोन शब्द दिले होते. एक, बेगमला टाकणार नाही. दुसऱ्याबद्दल सवडीने लिहीन.

नियम पुन्हा वाचले. माणसाने चौकटीतच वाट शोधावी. नियम ४: तळमजल्यावरची खोली नं. २, मागे स्वतंत्र अंगण, फक्त ज्येष्ठ नागरिक सोबत असल्यास. आधार कार्ड व्हॉट्सअॅपवर पाठवावे.

आत्याचं आधार कार्ड फोनमध्ये होतंच. पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, खोली नं. २ कन्फर्म, एकूण व्यक्ती तीन.

हे खोटं बोलणं नाही. कार्ड खरं, नाव खरं, जन्मतारीख खरी. व्यक्ती सध्या हयात आहे का, असं त्यांनी कुठेही विचारलेलं नाही.

११ जानेवारी, शनिवार. पहाटे ४.५०

अलकाने विचारलं, आत्याची व्हीलचेअर डिकीत कशाला? सांगितलं, रिस्क मिटिगेशन. ती गाडीत बसली आणि सोलापूरपर्यंत बोलली नाही. लांबच्या प्रवासात शांतता असली की ड्रायव्हिंग छान होतं.

त्याच दिवशी, दुपारी ३.४०. खोली नं. २.

ऑपरेशन यशस्वी.

दुपारी एक ते चार कुठलीही मराठी संस्था झोपलेली असते, हा माझा अंदाज अचूक निघाला. व्हीलचेअरवर बेगमची पिशवी, पिशवीवर उशी, उशीवर आत्याची मरून शाल, वर कानटोपी. लांबून बघणाऱ्याला वाटावं की म्हातारी मान टाकून झोपली आहे. फाटकातून आत ढकलत आणली.

व्यवस्थापक मुकुंदराव ऑफिसच्या खिडकीमागे उठून उभे राहिले. सत्तरीचे, सडपातळ, गळ्यात मफलर. त्यांनी खुर्चीला नमस्कार केला. तेवढ्यात बेगम फिसकारली. मी म्हणालो, दमा आहे. त्यांनी लगेच आवाज खाली आणला आणि किल्ली माझ्या हातात अशी ठेवली की आवाजही होऊ नये. माणूस सज्जन आहे. अशा माणसांना फसवणं सोपं असतं असं नाही, फक्त वेळ कमी लागतो.

संध्याकाळी ७

स्वयंपाकघर सुशीलाबाई बघतात. आजींसाठी म्हणून मऊ भात, तूप, मेतकूट आणि पेलाभर दूध घेऊन आल्या. मी दारातच ताट घेतलं. भात मी खाल्ला, अप्रतिम. दूध बेगमने हुंगून सोडून दिलं. मग अलकाने त्याचं काहीतरी केलं आणि ती प्यायली.

बेगमचं सगळं करताना मला एक वेगळंच समाधान मिळतं.

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ९

आजचा प्लॅन: सालारजंग म्युझियम, मग गोवळकोंडा. उद्या नामपल्लीचं एक्झिबिशन.

सकाळी १०

प्लॅनमध्ये किरकोळ बदल. सुशीलाबाई म्हणाल्या, तुम्ही दोघं निवांत फिरून या, आजींपाशी मी बसते. विणकाम घेऊनच आल्या होत्या. मी म्हणालो, आत्याला माझ्याशिवाय करमत नाही. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, आजकाल असा भाचा मिळत नाही.

अलका एकटी गेली. जाताना हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

दुपारी ४

खोली बारा बाय दहा आहे. अंगणाच्या भिंती उंच आहेत. खिडकीला जाळी. मी आतून कडी लावून बसलो आहे.

बेगम सव्वाअकराला ओरडली, पावणेबाराला ओरडली, साडेबाराला सलग ओरडली. प्रत्येक वेळी मी तिच्या वरच्या पट्टीत खोकलो. एकला सुशीलाबाई अडुळशाचा काढा घेऊन हजर. रिकामा पेला परत घेऊनच जाणार म्हणून दाराबाहेर थांबल्या. प्यायलो. अडीचला पुन्हा. साडेतीनला पुन्हा. आता माझा घसा इतका मोकळा झालाय की ठरवूनही खोकला येत नाही.

अलकाने म्युझियमचे सदतीस फोटो पाठवले. एकालाही मी अंगठा दिलेला नाही.

संध्याकाळी ६

मुकुंदराव आले होते. पंचांगाचा नाद आहे त्यांना. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची जन्मतारीख रजिस्टरात बघतात आणि काही ना काही काढतात. आत्याची तारीख २ मे १९४४. बोटांवर मोजून म्हणाले, ऐंशी वर्षं आणि आठ महिने. सहस्रचंद्रदर्शन! हजार पौर्णिमा पाहिलेली व्यक्ती आमच्या छताखाली, आणि आम्हाला पत्ता नाही!

मग एकदम थांबले. नळदुर्गकर म्हणजे जामबागच्या शाळेतल्या नळदुर्गकर बाई तर नव्हेत?

आता इथे नाही म्हणायला हवं होतं, असं अलकाचं मत. पण समोरच्याचा चेहरा इतका उजळला होता, आणि माझ्या घराण्याचं नाव निघालं होतं. मी म्हणालो, हो, त्याच. चौतीस वर्षं नोकरी केली तिथे.

मुकुंदराव जवळजवळ पळतच फोनकडे गेले.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी. सकाळी ११

आत्याचे विद्यार्थी आहेत, ही गोष्ट मी रिस्क म्हणून धरलीच नव्हती.

पहिले आले हिम्मतराव. मूळचे उमरग्याकडचे शेतकरी, शिकायला हैदराबादला आत्याच्या वर्गात, आता इथेच बियाण्यांचा व्यापार. चौसष्ट वय, धिप्पाड, पांढरा सदरा. घर दोन गल्ल्या सोडून. दारात चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, बाईला सांगा हिम्मत आलाय म्हणून, डावखुरा हिम्मत. सांगितलं की बाईंना भेटायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. म्हणाले, नक्को, नक्को, त्रास नक्को बाईला, मी हितंच बसतो की. आणि दाराबाहेरच्या फरशीवर मांडी घालून बसले.

अर्धा तास बसले. मी आत दाराला पाठ लावून बसलो. माझी पाठ आणि त्यांची पाठ यांच्यामध्ये एक इंच सागवान.

मग त्यांनी आतल्या बाजूला तोंड करून सांगितलं, बाई, चौथीत तुम्ही एकोणतिसाचा पाढा विचारला, मला आला नाही. तुम्ही बोलल्या, जेव्हा येईल तेव्हा येऊन म्हण, मी वाट बघते. मग आमच्या वडलांनी मला गावी नेलं ते राहूनच गेलं. आता म्हणू?

त्यांनी सुरू केलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, बहुतेक हात बांधून, चाल लावून. सहा ओळी बरोबर आल्या. सातव्या ओळीला दोनशे सहा म्हणाले. आणि बेगम ओरडली. एकदाच, आखूड आणि तीक्ष्ण.

हिम्मतराव थांबले. म्हणाले, चुकलं, चुकलं बाई, दोनशे तीन. कान धरले असावेत, कारण बांगडीएवढं कडं वाजलं. मग दोनशे नव्वदपर्यंत गेले, दाराला डोकं टेकलं आणि रडायला लागले. म्हणाले, आवाज बारीक झाला बाईचा, पण कान तस्साच आहे.

तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर परिस्थिती उत्तम हाताळली गेली.

मला जेवण गेलं नाही. भोगीची भाजी तिखट होती म्हणून.

संध्याकाळी ५.३०

मंडळाची तातडीची सभा झाली. परवा बुधवारी संध्याकाळी पाच वाजता हॉलमध्ये बाईंचं सहस्रचंद्रदर्शन. कणकेचे एक्क्याऐंशी दिवे. माजी विद्यार्थी चाळीसच्या आसपास, दोघे वरंगलहून निघालेत. भाच्याने मनोगत व्यक्त करायचं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत. दुपारी १२

तिळगूळ द्यायला रांग लागली आहे. बाई बाहेर येऊ शकत नाहीत हे सगळ्यांना मान्य आहे. त्यांना फक्त पायांना हात लावायचा आहे.

अलकाला सुचवलं की तिने पांघरुणातून नुसती पावलं बाहेर काढून झोपावं, तिचे पाय तसेही आत्यासारखेच आहेत. अलकाने पायांत मोजे चढवले. मग दाराच्या फटीतून मीच एकेकाचा तिळगूळ घेतला. बाई आशीर्वाद देतायत, असं चौदा वेळा सांगितलं. लाडू एकंदर एकोणतीस. बेगम तीळ खात नाही.

वरच्या गच्चीवर पतंग, स्पीकर, आरडाओरडा. सगळं शहर आकाशाकडे बघतंय आणि मी जाळीतून भिंतीकडे.

दुपारी ३

अलका म्हणाली, सांगून टाक त्यांना.

मी म्हणालो, सणाच्या दिवशी कशाला?

ती म्हणाली, मांजराचं नाही म्हणत मी. आत्या गेल्याचं. सहा महिने झाले, तू या लोकांना कळवलंसुद्धा नाहीस. आत्याची फोननंबरांची वही तुझ्या टेबलच्या खणात आहे.

हे अर्धवट सत्य आहे. मेसेज मी जुलैतच लिहायला घेतला होता. फोनमध्ये ड्राफ्ट आहे. पहिलं वाक्य नीट जमत नव्हतं. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते' फार सरकारी वाटतं. आत्या मराठीची शिक्षिका, तिच्याबद्दल काहीही लिहून चालत नाही. मग ऑगस्टमध्ये ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज आली. त्यानंतर कळवलं असतं तर इतके दिवस का नाही कळवलं, हे आधी कळवावं लागलं असतं.

दुसऱ्या शब्दाचं आज लिहून टाकतो. आत्या दर महिन्याला म्हणायची, अरविंद, मला एकदा हैदराबादला ने. हजार चंद्र मी तिथेच मोजणार, माझी मुलं आहेत तिथे. मी म्हणायचो, पुढच्या क्वार्टरला नक्की. आयसीयूतही म्हणालो. तेव्हा ती हसली होती, पण मास्क असल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

संध्याकाळी ६

निर्णय: उद्या सकाळी सहाला चेक-आउट. आत्याची तब्येत अचानक बिघडली, पुण्याला न्यावं लागलं, असं पत्र मागे ठेवायचं. मसुदा तयार. पहिलं वाक्य लगेच जमलं.

१५ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.१५

मांडववाले पाचला आले. गाडीच्या पुढे बांबू, मागे खुर्च्यांचा टेम्पो. मुकुंदरावांनी मला बॅग हातात घेऊन उभं पाहिलं. म्हणाले, बाईंची साडी आणली वाटतं इस्त्रीला? द्या इकडे. बॅग घेऊन गेले. आत माझे कपडे आहेत आणि बेगमची वाळू.

दुपारी २

प्लॅन सी: ऐनवेळी दारात उभं राहून डॉक्टरांचा निरोप सांगायचा. बाई हॉलमध्ये येऊ शकणार नाहीत.

दुपारी ४

मुकुंदराव म्हणाले, हरकत नाही, हॉल बाईंकडे येईल.

अलका म्हणाली, तू सांगतोस की मी सांगू? मी म्हणालो, कार्यक्रम होऊन जाऊ दे, पुण्याला पोचलो की सविस्तर मेल करतो. सगळ्यांना सीसीमध्ये ठेवतो.

संध्याकाळी ७.३०

घटना क्रमाने लिहितो.

पाचला ते आले. पुढे सुशीलाबाई, हातात परात, परातीत एक्क्याऐंशी दिवे. मागे हिम्मतराव, पांढरा फेटा. मागे पिकलेल्या केसांची चाळीस मुलं, सगळी ओळीत, शाळेत उभी राहतात तशी उंचीप्रमाणे. मी दारात आडवा हात लावून उभा राहिलो आणि डॉक्टरांचा निरोप सुरू केला.

अलकाने आतून कडी काढली आणि दार सताड उघडलं.

पलंगावर आत्याची मरून शाल. शालीवर बेगम. पुढचे पाय जुळवून, शेपूट पायांभोवती घेऊन बसली होती. दिव्यांकडे पाहून तिने डोळे बारीक केले.

मुकुंदरावांनी खोलीत सगळीकडे पाहिलं. न्हाणीघरात पाहिलं. मग विचारलं, बाई?

मी बोलायला लागलो. डॉक्युमेंटेशन गॅप म्हणालो, कम्युनिकेशन म्हणालो, नियम ४ आणि नियम ११ यांतली विसंगती म्हणालो. मधेच माझंच मला ऐकू यायला लागलं आणि मी थांबलो. मग म्हणालो, आत्या गेली. एकोणीस जुलैला.

सुशीलाबाईंनी परात खाली ठेवली.

हिम्मतरावांनी मांजराबद्दल काहीच विचारलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. मनोगताऐवजी मी दोन-तीन उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी विचारलं, किती वाजता? सांगितलं, सकाळी सव्वासहा. कोण होतं जवळ? सांगितलं, अलका. मी पार्किंगची पावती घ्यायला खाली गेलो होतो. आमची आठवण काढत होत्या का? मी हो म्हणालो. दर महिन्याला, म्हणालो. इकडं आणा म्हणत होत्या का? हो. मग?

मग, पुढच्या क्वार्टरला, असं मी म्हणालो नाही.

ते म्हणाले, सहा महिने आम्ही कोणी सुतक पाळलं नाही, कोणी एक दिवा लावला नाही. परवा मी पाढा म्हटला तो कुणाला म्हटला हो?

बेगम खाली उतरली आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसली. ते तिच्याकडे वाकले. म्हणाले, चूक तर बरोबर पकडली हिनं.

मला लाज वाटली. इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

दिवे त्यांनी विझवले नाहीत. उचलून हॉलमध्ये नेले आणि बॅनरसमोर ठेवले. बॅनरवर आत्याचा आधार कार्डवरचाच फोटो मोठा केलेला. त्या फोटोत ती रागावलेली दिसते. चाळीस जण खाली सतरंजीवर बसले. मी मागच्या दाराशी उभा राहिलो. जागा होती, पण कोणी बस म्हणालं नाही.

नंतर मुकुंदराव रजिस्टर घेऊन आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, नियम ११ प्रमाणे खोली सकाळी रिकामी करावी. 'एकूण व्यक्ती तीन' यावर रेघ मारली. आत्याच्या नावावर मात्र मारली नाही. ते नाव तसंच ठेवलं.

१६ जानेवारी, गुरुवार. नामपल्ली.

स्टेशनसमोरचा लॉज. चांगला आहे. खिडकी उघडत नाही, पण उघडली असती तर आवाज आला असता.

नोंदी पूर्ण करतो. बेगम हिम्मतरावांकडे गेली. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. शाल उचलली, शालीसकट तिला उचललं आणि म्हणाले, बाईचं मांजर आहे, हैदराबादलाच राहील. मला गेली पाच वर्षं बोचकारणारी मांजर त्यांच्या खांद्यावर मान टाकून गेली. म्हणजे पहिला शब्द मोडला असं म्हणता येणार नाही. मी तिला टाकलेलं नाही. आणि आत्याचा हजार चंद्रांचा समारंभ हैदराबादला झालाच, म्हणजे दुसराही एका अर्थी

हे वाक्य पूर्ण करत नाही.

अलका सुशीलाबाईंकडे राहिली आहे. शनिवारपर्यंत. म्हणाली, गोवळकोंडा राहिलाय. मी म्हणालो, माझाही राहिलाय. ती म्हणाली, हो.

खाली काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे केला. साथ में कौन है साब, त्याने विचारलं. कोणी नाही म्हटलं. मागे पाटी बघितली. मद्य मना, जुगार मना, बाकी काही नाही. मी विचारलं, जानवर चलता? तो म्हणाला, हौ साब, किधर है? एकूण व्यक्ती या रकान्यात मी एक लिहिलं.

दुपारी १२.२०

फोनमधला जुलैचा ड्राफ्ट उघडला. पहिलं वाक्य पुसलं. लिहिलं: तारामती आत्या १९ जुलैला गेली. तुम्हाला कळवलं नाही, माझी चूक झाली. अरविंद. हिम्मतरावांना पाठवलं. आता काय उपयोग, हे मला कळत होतं, तरी पाठवलं.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर यायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटांत मी त्यांच्या प्रत्येक संभाव्य रागाला एकेक उत्तर तयार केलं.

उत्तर आलं: हौ. बेगम दूध पीत नाही कालपासून. बाई तिला कसं द्यायच्या? कोमट का गार?

पाच वर्षं एका घरात. मला माहीत नाही.